तात्पर्य विचारण्यावर सरसकट बंदी नको

गोष्टीखाली 'तात्पर्य काय?' विचारलं की मुलांचा वाचनातला रस संपतो, म्हणून नीतीची चर्चाच नको, असं एक मत वाचलं. अर्धं पटलं. फळ्यावरचं तयार तात्पर्य वहीत उतरवून घेणं बंदच व्हायला हवं. पण नीतीची चर्चाच नको, हे काही पटत नाही. फरक पडतो तो प्रश्न कधी आणि कसा विचारता यावर.

चिऊ-काऊची गोष्ट घ्या. काऊचं शेणाचं घर वाहून गेलंय, तो पावसात कुडकुडतोय आणि चिऊताई आतून "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते" म्हणतेय. तिसरीच्या वर्गात मी इथेच पुस्तक मिटायला लावते. चिऊचं बरोबर की चूक? वर्गात लगेच दोन तट पडतात. एकदा एक एरवी गप्प बसणारी मुलगी "तिनं नाही म्हटलंच नाहीये, थांब म्हटलंय" म्हणत पुन्हा पुस्तक उघडून त्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. मला हवं होतं ते वाचन हेच! पुढे काही मुलं घरून वेगळा शेवट ऐकून आली, चुलीपाशी बसलेल्या काऊचे पंख भाजल्याचा. मग शिक्षा जास्त झाली का, यावर नवं भांडण.

कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५८ च्या प्रबंधात मुलांपुढे असेच पेच ठेवले होते. त्यात उत्तर हो की नाही यापेक्षा त्यामागचं कारण तपासलं जाई. आपल्याकडे मात्र प्रश्नपत्रिकेत एकाच वाक्याला गुण!