डीपीपीएच: अर्क वाढवला की निरोधन घटतं, ते का?
डीपीपीएच हे जांभळं रसायन; अँटिऑक्सिडंट त्याचा रंग जितका घालवतो तितकं 'निरोधन' जास्त. या चाचणीत शेवग्याच्या पाल्याचा अर्क जास्त घातला की निरोधन वाढायचं सोडून घटतं, असा प्रश्न आलाय. दोष बहुतेक वेळा रंगाचा. हिरवा अर्क स्वतःच 517 नॅनोमीटरला, म्हणजे डीपीपीएच मोजतो त्याच तरंगलांबीला, थोडा प्रकाश शोषतो, आणि निरोधन कमी दिसतं. म्हणून प्रत्येक संहतीला अर्क अधिक नुसतं मिथेनॉल असा वेगळा ब्लँक (डीपीपीएच नसलेला तुलनेचा नमुना) लावा आणि तो आकडा वजा करा. जलअर्क असेल तर क्युव्हेट (मोजणीची छोटी पारदर्शक नळी) उजेडाकडे धरून बघा. पाणी जास्त झालं की डीपीपीएच नीट विरघळलेलं राहत नाही, बारीक गढूळपणा येतो आणि आकडे भरकटतात. डीपीपीएचचं द्रावण 100 मिली मिथेनॉलमध्ये 3.9 मिग्रॅ, त्याच दिवशी केलेलं. अर्क मिसळल्यावर 30 मिनिटं अंधारात. आणि आवळ्याचा फोलिन चाचणीचा (फिनॉल मोजायची रंगचाचणी) आकडा तसाच 'एकूण फिनॉल' म्हणून लिहू नका बुवा, त्यात क जीवनसत्त्वही मोजलं जातं.