पदकावर मोरे, शाळेच्या दाखल्यावर पाटणकर: पणजोबांचा माग कसा काढावा?

नमस्कार मंडळी,

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. मूळ गाव पाटण तालुक्यातलं, जिल्हा सातारा. घरात त्यांचं चांदीचं पदक आहे. त्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, शिपाई हा हुद्दा, नाव आणि ११७ मराठा पलटण असं कोरलंय. आडनाव मात्र मोरे! आम्ही पाटणकर. (पाटणच्या सरदार घराण्याशी काही संबंध नाही, उगाच आशा नको.)

आजोबांच्या मुंबईतल्या शाळेच्या दाखल्यापासून पुढे सगळीकडे पाटणकरच. नाव घालताना मास्तरांनी 'कुठले?' विचारलं असेल आणि उत्तर आडनावाच्या जागी गेलं असेल, असा माझा अंदाज. भावकीतले एक काका म्हणतात, आपण मोरेच. दुसरे म्हणतात, मग देवक मोराचं पीस हवं, आपल्याकडे तर लग्नात पंचपल्लव पुजतात. पदक दुसऱ्याच कुणाचं असेल, ही शंकाही आहेच.

आजी सांगायची, 'मामंजी तुर्काच्या कैदेत रूळ टाकत होते.' हे मला खरं वाटतं. ११७ वी पलटण इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली होती. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली आणि पुढे अनेक हिंदी कैद्यांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. आजीला यातलं एकही नाव माहीत नव्हतं, तरी तिचं सांगणं तंतोतंत जुळतं.

बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहायचं तर सोबत काय जोडावं? आणि गावाकडून मोरे-पाटणकर हा दुवा जुळवायला कोणते कागद बघावेत? मोडी मला येत नाही.

प्रतिसाद:

पत्र टाकाच. पदकाच्या कडेचा स्वच्छ फोटो जोडा. नंबर महत्त्वाचा, कारण एका पलटणीत त्याच नावाचे मोरे दोन-चार सहज असायचे. पण दुवा तहसीलमध्येच मिळेल. अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक मागा. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात असतात, बऱ्याचशा मोडीत. 'पाटणकर' शोधून द्या म्हणू नका; गाव आणि अंदाजे साल सांगा, मोडी वाचणारा सोबत न्या. देवकाच्या वादात पडू नका, पंचपल्लव कितीतरी कुळांचं आहे.

माझा भर मात्र फेरफारावर, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदींवर. पणजोबांच्या पश्चात वारसनोंद झाली असेल, तर मयत मोरे आणि वारस पाटणकर एकाच नोंदीत सापडायची शक्यता आहे. गावी त्यांच्या नावावर थोडी तरी जमीन होती का, ते आधी सांगा.