मदत हवी आहे: 'लाय' आणि 'ले'ची भूतकाळी रूपं मुलांना कशी समजावू?

नमस्कार मंडळी,
सोसायटीतल्या नववीच्या मुलांना मी संध्याकाळी इंग्रजी व्याकरण शिकवते. सध्या 'लाय' आणि 'ले' या दोन क्रियापदांपाशी अडलो आहोत.

अर्थ मुलांना कळलाय. 'लाय' म्हणजे आडवं होणं, पडून राहणं, अकर्मक. 'ले' म्हणजे ठेवणं, घालणं, सकर्मक. मांजर उन्हात पसरतं तिथे 'लाय', कोंबडी अंडं घालते तिथे 'ले'. आपल्या पडणे-पाडणे, बसणे-बसवणेसारखीच जोडी, असं सांगितल्यावर पटकन पटलं.

घोळ भूतकाळात आहे. 'लाय'चा भूतकाळ 'ले', तिसरं रूप 'लेन'. 'ले'चं मात्र दोन्हीकडे 'लेड'. "काल दुपारभर पलंगावर पडून होतो" याला 'आय ले ऑन द बेड' म्हटलं की मुलं विचारतात, 'ले'ला कर्म लागतं ना, मग इथे ते कुठाय? शंका अगदी रास्त आहे. शिवाय मालिकांमधली माणसं सर्रास 'ले डाऊन' म्हणतात. परीक्षेत गोंधळ होणार नाही असं काही सुचवाल का? आणि 'सिट-सेट', 'राइज-रेझ' या जोड्या याच घराण्यातल्या का?

प्रतिसाद:
ताई, हो, त्याच घराण्यातल्या. तुमची पडणे-पाडणेची तुलना तर फारच नेमकी आहे. इंग्रजी ज्या कुळातली, त्या जुन्या जर्मॅनिक भाषांत धातूचा स्वर बदलून आणि 'य'कारी प्रत्यय लावून प्रयोजक क्रियापद, म्हणजे ती क्रिया करायला लावणारं क्रियापद, करत. संस्कृतातलं पतति-पातयति त्याच पद्धतीचं आणि आपलं 'पाडणे' त्या 'पातयति'वरूनच आलंय. इंग्रजीत प्रत्यय झिजून गेला, बदललेला स्वर तेवढा राहिला. 'रेझ' नॉर्सकडून, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेकडून आलंय, पण घडण तीच.

मुलांना 'फॉल-फेल'ही दाखवा. 'फॉल'चा भूतकाळ 'फेल' आणि झाड पाडण्याचं क्रियापदही 'फेल'. त्याचा भूतकाळ 'फेल्ड'. म्हणजे तुमचाच पेच, पण इथे मुलं सहसा चुकत नाहीत.

परीक्षेसाठी आधी काळ न बघता अर्थ बघायला लावा. वाक्यात 'पुट' बसतंय का? बसलं तर ले-लेड-लेड, नाहीतर लाय-ले-लेन. काळ त्यानंतर. बोलण्यातलं अकर्मक 'ले डाऊन' कित्येक शतकं जुनं आहे, त्यामुळे त्याला अडाणीपणा म्हणू नका. पेपरात मात्र 'लाय डाऊन'च लिहायला सांगा.