मदत हवी आहे: गाडी रविवारी जाणार, त्याआधी काय काढून ठेवू?

पारिजात: रविवारी सकाळी गाडी न्यायला येतायत. बाबांची गाडी. आठवण म्हणून तिच्यातलं काय काढून ठेवता येईल आणि कसं काढतात? आज शुक्रवार आहे, लवकर सांगा.

स्पॅनर_दहा_बारा: किती सालची? पेट्रोल की डिझेल? आणि मुख्य म्हणजे विकताय की भंगारात देताय? चालती गाडी विकली असेल तर सौदा ठरल्यावर एक स्क्रूही काढू नका.

घाटवाट: देऊच नका हो! आमच्या गाडीचं इंजिन उतरवून नव्या पिस्टन रिंगा टाकल्या, अजून हाफ सेल्फला सुरू होते.

पारिजात: पेट्रोल, 1999. भंगारात. मागच्या सीटखालचं मॅट उचललं की खालचा रस्ता दिसतो.

स्पॅनर_दहा_बारा: मग घाटवाट, इंजिन कितीही चांगलं असू दे. अशा बहुतेक गाड्यांना वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, बॉडीच सगळा भार घेते. तो पत्रा कुजला की धडकेत माणसं वाचत नाहीत.

घाटवाट: पत्रा कापून वेल्डिंग होतं. मी करून घेतलंय.

स्पॅनर_दहा_बारा: एखाद्या भोकाला होतं. सस्पेन्शन बसतं तिथवर गंज गेला असेल तर ठिगळावर घरच्यांना बसवणार का?

कोरीपाटी: नवीन घ्याल तेव्हा ऑटोमॅटिकच घ्या, गुडघ्यांना फार आराम पडतो.

पारिजात: नवीन घ्यायचीच नाहीये. कृपया काढायचं सांगा.

नुसतंच_वाचतो: आम्ही आजोबांची गाडी शेडमध्ये ठेवून दिली होती. दोन वर्षांत बॅटरी मेली, टायर एका बाजूने चेपले, टाकीतलं पेट्रोल आंबूस वास मारायला लागलं, उंदरांनी वायरिंग कुरतडलं. शेवटी दिलीच, पण तिची ती दशा बघवत नव्हती. तुम्ही वेळेत देताय ताई.

स्पॅनर_दहा_बारा: गिअर नॉब काढा. बहुतेक आट्यांचा असतो, डावीकडे फिरवा. अडला तर हेअर ड्रायरने गरम करा. मागचा लोगो चिकटवलेला असेल तर त्याच्यामागे जाड दोरा घालून करवतीसारखा ओढा. स्टिअरिंगला एअरबॅग असेल तर अजिबात हात लावू नका, आत स्फोटक असतं. कॅटलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) असेल तर तोही राहू द्या, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम असतं आणि गाडीचा भाव त्यावरही ठरतो. काय काढलंय ते नेणाऱ्यांना आधीच सांगा. मोडीत काढल्याचा लेखी पुरावा घ्या, गाडी कागदोपत्री तुमच्या नावावर राहायला नको.

पारिजात: एअरबॅग नाही. नेणाऱ्यांना फोन केला, ते नॉब घ्या म्हणाले. गरम केल्यावर निघाला. बाबांच्या तळव्याने घासून वरून गुळगुळीत झालाय, आकडे पार पुसलेत. आईने कधी गाडी चालवली नाही, कायम शेजारच्या सीटवर. तिने नॉब हातात घेतला आणि पाचही गिअर कुठे होते ते बोटाने दाखवले. लोगो राहू दे आता. स्पॅनर दादा, मनापासून आभार.