मेल सर्व्हरच्या ॲडमिन पॅनलमध्ये पहिली सुधारणा कोणती हवी?

वेर्ण्याचा पोस्टमन
कंपनीचा मेल सर्व्हर अजून स्वतःच सांभाळणाऱ्यांना विचारतोय. पुढच्या आवृत्तीत एकच गोष्ट मागायची झाली तर मी मागेन: एका मेलचा पूर्ण प्रवास एकाच पडद्यावर. चॅट आणि कॅलेंडरचे नवे रंग राहू द्या.

आज काय होतं? परचेसमधून फोन येतो, "पुण्याच्या व्हेंडरला पीओ मिळाली नाही." मी लॉग उघडतो. पोस्टफिक्स हे मेल पोचवणारं सॉफ्टवेअर प्रत्येक मेलला क्यू आयडी (रांगेतला क्रमांक) देतं, पण मध्ये ॲमाव्हिससारखा व्हायरस-स्पॅम तपासणारा फिल्टर असेल तर तपासून परत रांगेत लागताना मेलला नवा आयडी मिळतो. मग "क्यूड ॲज" (अमुक क्रमांकाने रांगेत) असलेली ओळ गाठा, दुसरा आयडी शोधा, आणि शेवटी कळतं की समोरच्याने ४५१, म्हणजे "आत्ता नाही, नंतर या", असा कोड देऊन ताटकळत ठेवलंय. ही जोडाजोडी मशीनने करावी. प्रत्येकाला आपापल्या मेलपुरतं ते बघता आलं तर माझे निम्मे फोन बंद होतील.

लॉगवाचक
साफ असहमत. ग्रेप (फाइलमध्ये शब्द शोधणारी कमांड) येत असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. शिवाय लॉगमधलं "सेंट" म्हणजे समोरच्या सर्व्हरने २५०, म्हणजे "मिळाला", म्हणून मेल ताब्यात घेतला, एवढंच. पुढे तो इनबॉक्समध्ये गेला की स्पॅममध्ये, आपल्याला दिसत नाही. लोक तुमच्या पडद्यावरची हिरवी खूण बघून व्हेंडरशी भांडायला लागतील, आणि ते भांडण मिटवायलाही तुम्हीच!

बागा बीचवाला
मुळात २०० मेलबॉक्ससाठी स्वतःचा सर्व्हर कशाला? आमच्या हॉटेलने तो बंद केला, सुटलो. रिव्हर्स डीएनएससाठी (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) इंटरनेटवाल्याच्या मागे लागा, पावसाळ्यात वीज गेली की यूपीएसकडे बघत बसा. वर फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूचे नियम: घाऊक पाठवणाऱ्यांना (जीमेलच्या हिशेबात दिवसाला सुमारे ५,०००) एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणारा खरा आहे हे पटवणाऱ्या तिन्ही गोष्टी सक्तीच्या. मेघावर (क्लाउडवर) जा आणि शांत झोपा.

वेर्ण्याचा पोस्टमन
बागावाले, वीज गेली म्हणून आलेला मेल हरवत नाही हो. पाठवणारा सर्व्हर साधारण काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. आणि एसपीएफ, म्हणजे तुमच्या डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकतो याची यादी, मेघावर गेल्याने सुटत नाही, डोमेन तुमचंच राहतं. बुकिंग इंजिन, न्यूजलेटर, बिलिंग असं एकेक "इन्क्लूड" जोडत गेलात की १० लुकअपची (डीएनएसमधल्या शोधांची) मर्यादा ओलांडते आणि एसपीएफ तपासणीच फसते. हेही पॅनलने आधीच ओरडून सांगायला हवं. कुठे सांगतं?

कुंडईकर
पोस्टमन, तुझी निम्मी मागणी आजच पुरी होते. अडकलेला मेल पोस्टफिक्स मुळात ५ दिवस धरून ठेवतो आणि तोवर पाठवणाऱ्याला चकार शब्द सांगत नाही, कारण "डिले वॉर्निंग टाइम" (उशिराची सूचना कधी द्यायची ती सेटिंग) शून्यावर, म्हणजे बंद असतो. तो ४ तास कर. नाहीतर चवथीच्या आदल्या दिवशी पाठवलेलं कोटेशन सुट्टी संपवून आल्यावर परत आलेलं दिसतं.

पण उरलेल्या निम्म्याला माझा विरोध. आज आपापल्या मेलपुरतं, उद्या मॅनेजर म्हणेल माझ्या टीमचं दाखव. कोण कोणाला लिहितो हेही खासगीच की. त्यापेक्षा ॲडमिनने कुणाचा मेलबॉक्स कधी उघडला याची नोंद हवी, जी ॲडमिनलाच पुसता येणार नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवायचेच आहेत, आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. पॅनलमध्ये ही नोंद नसेल तर त्या ६ तासांत शोधणार काय?

वेर्ण्याचा पोस्टमन
नोंद हवीच, वाद नाही. पण मॅनेजर मागेल म्हणून कर्मचाऱ्यालाही स्वतःचा मेल दिसू द्यायचा नाही, हे पटत नाही. विषय लपवा, मॅनेजरला अधिकारच देऊ नका.

लॉगवाचक
नवा पडदा म्हणजे हल्ल्याला नवी जागा. २०२२ मध्ये झिम्ब्रा या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरचं काय झालं आठवा. त्यातला ॲमाव्हिस मेलसोबत आलेली आर्काइव्ह (गुंडाळलेली फाइल) सीपीआयओ नावाच्या साधनाने उघडायचा, आणि नुसता तसा मेल पाठवून सर्व्हरवर फाइल पेरता यायची. तात्पुरता उपाय काय, तर त्याऐवजी पॅक्स नावाचं पॅकेज टाका आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. तेही कित्येकांनी केलं नाही, कारण चालू सर्व्हरला हात लावायची भीती. माझी पहिली मागणी तीच: अपडेट फसलं तर एका कमांडने कालच्या स्थितीत, मधल्या काळात आलेला मेल न गमावता. ते देणारं सॉफ्टवेअर दाखवा, मग तुमचा पडदा मीही मागतो.