पुराच्या पाण्याबरोबर जमिनीतील सेंद्रिय कर्ब किती जातो आणि कुठे जातो?

गोदाकाठ (प्रश्न):
आमची शेती पैठणच्या वरच्या बाजूस, गोदावरीच्या खोऱ्यात आहे. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसानंतर ओढ्याला येणारे पाणी काळपट व दाट असते. श्रावणातील पूर मोठा असला, तरी त्याचे पाणी तितके काळे दिसत नाही. वर तरंगणारा पालापाचोळा सोडला, तर जमिनीतील सेंद्रिय कर्बही (कुजलेल्या वनस्पती व जीवांपासून मातीत आलेला कार्बन) या पाण्याबरोबर जातो का, आणि तो समुद्रापर्यंत पोहोचतो का?

मृदाविद्यार्थी:
जातो. काळ्या जमिनीत कर्बाचा बराच भाग चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांना धरून असतो. जूनमध्ये रान पाळी घालून भुसभुशीत केलेले आणि पिकाविना उघडे असते. थेंबांच्या माऱ्याने ढेकळे फुटतात आणि सालकाढी धुपेत, म्हणजे पाण्याने वरचा पातळ थर सरसकट धुऊन नेताना, जाडेभरडे कण मागे राहून हलके, बारीक कण आधी निघून जातात. म्हणून वाहत्या गाळात कर्बाचे प्रमाण मूळ जमिनीपेक्षा बहुधा अधिक भरते. हिशेबच करायचा, तर एका हेक्टरवरून केवळ १ मिलिमीटर थर गेला तरी सुमारे १३ टन माती जाते, आणि कर्ब ०.५ टक्के धरल्यास तो ६५ किलो होतो. प्रत्यक्ष तोटा याहून जास्तच असणार.

जलमापक:
श्रावणातील फिकट पाण्यावरून मात्र तेव्हा कर्ब कमी जातो, असे समजू नये. पूर वाढला की ओघळी, घळी आणि काठ तुटून खालच्या थरांतील, कर्ब कमी असलेली माती मिसळते; त्यामुळे गाळातील टक्केवारी घटते, पण गाळच इतका वाढतो की एकूण कर्ब मोठ्या पुरातच अधिक वाहतो. तैवानमधील लिवू नदीत वनस्पती व मातीतून आलेल्या घन कर्बापैकी ७७ ते ९२ टक्के चक्रीवादळांच्या पुरांतच वाहून गेल्याचे आढळले आहे. तो प्रदेश कड्यांचा आणि दरडींचा असल्याने हा आकडा गोदावरीला लावता येणार नाही. परंतु पंधरवड्यातून एकदा नमुन्याची बाटली भरून वर्षाचा हिशेब मांडणाऱ्यांनी तो जरूर ध्यानात ठेवावा.

धरणपायथा:
समुद्राबद्दल सांगायचे, तर तुमच्या मातीचा मोठा मुक्काम नाथसागरातच, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयातच पडतो. पाण्यात विरघळलेला कर्ब पुढे जाऊ शकतो, पण गाळाला चिकटलेला बराचसा तिथेच बसतो. त्यातील काही गाडला जातो, तर काही तळाशी प्राणवायूविना कुजून मिथेन होतो. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ बंगालच्या उपसागरात इतक्या वेगाने साचतो की त्यातील कर्ब फारसा न कुजता गाडला जातो. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात पोहोचणारा गाळ मात्र धरणांमुळे पुष्कळ घटला आहे. उन्हाळ्यात धरणातील गाळ शेतात आणणार असाल, तर आधी त्याचे माती परीक्षण करून घ्या, कारण काठावरच्या जाड गाळात वाळू अधिक व कर्ब कमी असण्याची शक्यता असते.