वस्तरा, निसणा आणि ‘पाणी’: तेलदगड हा शब्द चालेल का?

विचारणा (नागपूर): वस्तऱ्याला धार लावण्याच्या नैसर्गिक दगडांविषयी मराठीत लिहीत आहे. काहींवर तेल घालतात, काहींवर पाणी. त्यांना ‘तेलदगड’ आणि ‘पाणदगड’ म्हणावे का? आणि दगडाला ‘सहाण’ म्हणावे की ‘निसणा’?

उत्तर: वस्तऱ्यासाठी ‘निसणा’च घ्यावा. सहाणेवर शस्त्र लावणे हा प्रयोग जुना आहे, परंतु आज सहाण म्हटले की देवघरातले चंदनच आठवते. ‘निसणे’ हे क्रियापद मात्र जपून वापरावे, कारण अनेक घरांत मेथीही निसतात.

‘तेलदगड’ मला पटत नाही. तेल किंवा पाणी स्वतः धार लावत नाही. ती दगडातील कठीण कणांनी लागते, आणि द्रवाचे काम एवढेच की पोलादाचा कीस तरंगत राहावा व दगडाची छिद्रे बुजू नयेत. अमेरिकेतील आर्कान्साचा नोव्हॅक्युलाइट हा अतिसूक्ष्म गारेचा दगड परंपरेने तेलावर चालतो, पण कोरा असेल तर पाण्यावरही चालतो. बेल्जियमच्या कोटिक्यूल या दगडात गार्नेट या कठीण खनिजाचे कण असतात आणि त्याला पाणीच घालतात. म्हणजे हा भेद बव्हंशी वहिवाटीचा आहे. एकदा तेल मुरलेल्या दगडावर मात्र पाणी ठरत नाही, म्हणून ‘तेलावरचा निसणा’ असे लिहिणे अधिक खरे.

‘निसण्याला पाणी देणे’ असे कृपया लिहू नये. लोहारकामात हत्याराला पाणी देणे म्हणजे पोलाद तापवून, विझवून कठीण करणे, आणि वस्तऱ्याच्या संदर्भात वाचक तोच अर्थ घेईल. ‘निसण्यावर पाणी घालून’ हे निःसंदिग्ध आहे.

नुसते ‘तेल’ही पुरेसे नाही. विदर्भातल्या वाचकाच्या हाताशी जवसाचे तेल असते, आणि ते हवेत सुकून चिवट थर धरते, त्यामुळे दगड बुजतो. खोबरेल आपल्याकडच्या हिवाळ्यात थिजते. ‘पातळ खनिज तेल’ असेच लिहावे.

पुन्हा विचारणा: कोटिक्यूलवर त्याच दगडाचा लहान तुकडा घासून जो दुधाळ द्रव काढतात, त्याला ‘चिखल’ म्हणावे का?

उत्तर: चिखल नको, कारण त्यातले सुटे कणच पोलाद कापतात आणि तो द्रव मुद्दाम काढलेला असतो. येथे सहाणेचे क्रियापद उपयोगी पडते: दगड उगाळावा, आणि निघेल त्याला ‘उगाळ’ म्हणावे.